नकाशा दिसला म्हणजे हद्द ठरली नाही

मोबाईलवर ‘महाभूनकाशा’ उघडायचा, जिल्हा अमरावती किंवा अकोला निवडायचा, मग तालुका, मग गाव. गट क्रमांक टाकला की वावराची आकृती रंगून समोर येते आणि शेजारी खातेदारांची नावे व क्षेत्र उमटते. पूर्वी एवढ्यासाठी पटवाऱ्याच्या मागे हिंडावे लागे. तो साझ्यावर सापडला तर दप्तर दुसरीकडे, आणि दप्तर सापडले तर नकाशाची घडी फाटलेली. आज दर्यापूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या पानटपरीवर उभा असलेला पोरगा शेजाऱ्याच्या वावराची आकृतीही पाहू शकतो. त्यातून एक समजूत पक्की होत चालली आहे. नकाशा आता सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे, तेव्हा धुऱ्याची भांडणे मिटतील, फसवाफसवी थांबेल आणि जमिनीचे सत्य कागदातून बाहेर येईल, असे मंत्री सांगतात, वर्तमानपत्रे छापतात, शिकलेली मुले बापाला ऐकवतात.

ही समजूत मला उथळ वाटते. पडद्यावर दिसते ती जमिनीविषयीची एक सरकारी नोंद. तिच्यासोबत आणखी दोन गोष्टी उभ्या असतात, एक सातबारा आणि दुसरी जमिनीवरची वहिवाट. वऱ्हाडात या तिन्ही एकमेकींशी बिनतक्रार जुळल्या असे क्वचितच घडते. त्या कुठे जुळत नाहीत हे ज्याला त्याला पाहता येणे, हा या ऑनलाइन नकाशाचा खरा उपयोग आहे आणि तो मोठा आहे. पण त्यालाच निकालपत्र मानले, तर ज्याची नोंद आधीपासून धड आहे त्याचे बळ वाढते. ज्याचा हक्क नोंदीबाहेर राहिला आहे तो पुसला जातो, आणि तोही ‘पारदर्शकते’च्या नावाखाली. हे म्हणणे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. रेघ कोणी ओढली आणि कशासाठी

निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली सोपवले. त्यानंतर १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यातली मोजणी-बंदोबस्ताची पद्धत इथे आणली गेली. वर्धा नदीपलीकडे नागपूरकडच्या मुलखात मालगुजारी होती, वऱ्हाडात रयतवारी आली. याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचली. कापूस, रेल्वे आणि मोजणी यांनी एकाच दशकात वऱ्हाडात पाऊल टाकावे, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही.

या मोजणीला पडलेला प्रश्न सरळ होता. सारा कोण देणार आणि किती? म्हणून एका बैलजोडीने वाहता येईल एवढ्या जमिनीच्या अंदाजाने सर्व्हे नंबर पाडले गेले. मातीची खोली, रंग आणि दोष पाहून तिची प्रत आण्यांत ठरवली आणि तीस वर्षांचा सारा बांधून दिला. सारा भरायला जबाबदार म्हणून कब्जेदाराचे नाव लिहिले. त्या माणसाचा हक्क कुठून आला, त्याच्या भावांचा वाटा किती, घरातल्या बायकांचे काय, हे प्रश्न मोजणीदाराच्या कामात बसत नव्हते. सरकारला साऱ्याचा धनी सापडला की त्याचे काम संपत होते.

पुढे कायदे बदलत गेले. १८९६ चा आणि १९२८ चा वऱ्हाडचा जमीन महसूल कायदा, १९५४ ची मध्यप्रदेशची संहिता, मग १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. गावेही प्रांत बदलत राहिली. १९०३ मध्ये मध्यप्रांतात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण नकाशाचा वंश तोच राहिला. मूळ मोजणी, तिच्यावरच्या दुरुस्त्या, कुठे एकत्रीकरणानंतर पडलेले गट, कुठे अजून जुनेच सर्व्हे नंबर. आज पडद्यावर जी आकृती रंगते ती या वंशातली आहे.

कायद्यानेही या नोंदींना मालकीचा शिक्का कधी दिला नाही. संहितेचे कलम १५७ अधिकार अभिलेखातील नोंद खरी मानायला सांगते, पण विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंतच. १९०८ चा नोंदणी कायदा दस्ताची नोंद करतो, दस्त देणारा खरोखर मालक आहे की नाही याची हमी घेत नाही. फेरफाराच्या नोंदीने मालकी जन्माला येत नाही, ती नोंद साऱ्यापुरती असते, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. गृहीतकावर उभ्या असलेल्या दप्तराचे चित्र रंगीत केले, तरी ते गृहीतकच राहते.

२. रेघेची जाडी

आता निव्वळ गणित. मुंबई पद्धतीच्या मोजणीत साखळी ३३ फुटांची आणि तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. गावनकाशाचे रूढ प्रमाण एका इंचाला वीस साखळ्या, म्हणजे १:७९२०. या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ आठ मीटर होतो. बोरूची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तरी जमिनीवर ती चार मीटर, म्हणजे तेरा फूट भरते. प्रत्यक्षातला धुरा किती असतो? दोन फूट, तीन फूट. शेजारी लोभी असेल तर एक फूट.

दोनशे मीटर लांबीच्या धुऱ्यावर ही चार मीटरची शंका पसरवली, तर सुमारे ८०० चौरस मीटर होतात, म्हणजे जवळपास आठ गुंठे. दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या जमिनीचा हा दहावा हिस्सा झाला, आणि तो नुसत्या शाईच्या जाडीत मावतो. शिवाय मूळ कागद शंभरहून अधिक वर्षांच्या दमटपणात आकसलेला असतो, घडीवर झिजलेला असतो. तो स्कॅन झाला, रेषा संगणकावर गिरवल्या गेल्या, मग गावे उपग्रहाच्या चित्रावर बसवली गेली. प्रत्येक पायरीवर थोडा सरकाव शिरतो. त्यावर मोबाईलचा निळा ठिपका, जो मोकळ्या आभाळाखालीही काही मीटर इकडेतिकडे असतो. मग धुऱ्यावर उभा राहून कुणी ठिपका दाखवतो आणि म्हणतो, ‘हे पाहा, मी तुमच्या वावरात नाही, तुम्हीच माझ्यात आहात.’ त्याच्या ठिपक्याची आणि त्या रेघेची चूक मिळून धुऱ्याच्या कितीतरी पट आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

गावनकाशा सीमा ठरवण्यासाठी नव्हताच. कोणता नंबर कुणाला लागून आहे, नाला कोणत्या बाजूने जातो, शिव कुठे संपते, एवढे सांगण्यासाठी तो होता आणि ते काम तो अजूनही चोख करतो. हद्द ठरवायची ती टिपणावरून, मोजणीपुस्तकातल्या साखळी-आण्यांच्या मापांवरून. पडद्यावर आकृती येते, ती मापे येत नाहीत. भूमी अभिलेखचा जुना भूकरमापक टिपण मागतो, नकाशा नाही, त्याचे कारण हेच आहे.

३. वाटणी पुढे गेली, नकाशा मागे राहिला

शाईच्या जाडीपेक्षा मोठा प्रश्न आकृतीच्या आतल्या माणसांचा आहे. १९७०–७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते, २०१५–१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. एका जमिनीचे तीन तुकडे झाले, असा याचा ढोबळ अर्थ. हे तुकडे पाडले भावांनी. बहुतेकांनी बापाच्या हयातीत किंवा तेरवीनंतर धुऱ्यावर उभे राहून, दगड रोवून, चार मोठ्या माणसांसमोर पाडले. त्यातल्या किती वाटण्या पोटहिश्श्याच्या मोजणीपर्यंत, फाळणीपर्यंत गेल्या? ज्या गेल्या नाहीत, त्या नकाशावर नाहीत. पडद्यावर गट क्रमांक एक, आकृती एक आणि आत सात नावे. प्रत्यक्षात आत चार धुरे आहेत, दोन विहिरी आहेत आणि एक बाभूळ आहे, जिच्या पलीकडे कोणी पाऊल टाकत नाही.

यात दोष फक्त शेतकऱ्याचा नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा नोंदवणे अडवले. हेतू चांगला होता, पण घरात माणसे वाढणे कायद्याने थांबत नाही. तुकडे पडत राहिले आणि त्यांची नोंद तेवढी थांबली. कायद्याला जे पाहायचे नव्हते ते नकाशाने पाहिले नाही.

जमीन ज्याच्या नावावर आहे तो माणूस तरी आहे का? २०२५ मध्ये सरकारला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली. तिची सुरुवात आपल्याच वऱ्हाडातल्या बुलडाण्यातून झाली आणि मग ती राज्यभर नेली. मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हे तिचे काम. सातबाऱ्यावर मयताची नावे राहतात हे सरकारनेच मान्य केले, आणि नकाशाच्या बाजूला उमटणारी नावे येतात याच दप्तरातून. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच वाटा दिला, पण पुष्कळ घरांत वारसफेरफाराच्या वेळी बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतली जाते किंवा नावच सुटते. नवऱ्याने जीव दिल्यानंतर दोन पोरांसह तेच वावर वाहणारी बाई वऱ्हाडात नवी नाही. सासऱ्याच्या नावाची आकृती पडद्यावर पाहून तिला काय कळणार? आपण इथे नाही, एवढेच. आणि ते पाहायला तिचा दीरही बसलेला असतो.

मक्त्याने, बटईने जमीन करणाऱ्यांचा तर विषयच नको. पीक त्यांचे, कर्ज त्यांचे, नुकसान त्यांचे, आणि नकाशावर जागा कुठेच नाही.

४. जी रेघ बंद होत नाही

वऱ्हाडातली निम्मी भांडणे धुऱ्याची असतील, तर उरलेली बरीच रस्त्याची आहेत. काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी पोटापर्यंत रुतते, म्हणून पांदण हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. जुने गावनकाशे या बाबतीत उदार होते. गाडीमार्ग त्यांत दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असे, पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. त्यांच्या रुंद्याही साखळीच्या हिशेबात होत्या. पायमार्गाची सव्वाआठ फूट म्हणजे पाव साखळी, गाडीमार्ग साडेसोळा फुटांपासून पुढे, आणि गावाहून गावाला जाणाऱ्या रस्त्याची पुरी साखळी, ३३ फूट.

संगणकाला मात्र बंद आकृती आवडते. गट म्हणजे चारी बाजूंनी मिटलेली आकृती. तिला क्रमांक देता येतो, क्षेत्र काढता येते, रंग भरता येतो, नावे जोडता येतात. तुटक रेघ कुठेच मिटत नाही, तिला क्षेत्र नाही, खातेदार नाही. नकाशा संगणकावर नेताना जे हरवण्याची शक्यता सर्वांत जास्त, ते नेमके हेच आहे. पडद्यावर पांदण दिसत नाही म्हणून ती नाहीच, असे कोणी ठासून सांगू लागला, तर भूमी अभिलेख कार्यालयातून मूळ गावनकाशाची प्रमाणित नक्कल काढणे हा त्यावरचा पहिला उपाय. शिवाय नकाशात कधीच न आलेले, वहिवाटीचे रस्तेही आहेत. त्यांच्यासाठी संहितेचे कलम १४३ आहे, १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे कलम ५ आहे. या दोन्हींत तहसीलदाराला जागेवर जावे लागते. पडद्यावर बोट ठेवून ते काम होत नाही.

पाण्याचेही तसेच. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिकाला चालत नाही. गोड्या पाण्याचे एकर आणि खाऱ्या पाण्याचे एकर पडद्यावर एकाच रंगाचे असतात. पुण्यामुंबईहून जमीन शोधणाऱ्या माणसाला ते कळायचे कसे? दर्यापूरच्या म्हाताऱ्याला चव घेऊन कळते. मोर्णा, काटेपूर्णा, पेढी किंवा शहानूर यांच्या काठचे वावर पुरात कापले जाते, नाला दहा वर्षांत जागा बदलतो, आणि आकृती मात्र जुन्याच काठावर थांबून राहते.

५. मेळघाटाने आधीच दिलेले उत्तर

नकाशा आणि वहिवाट यांत विसंगती निघाली तर काय करावे, या प्रश्नाचे उत्तर अमरावती जिल्ह्याच्याच डोंगरात मिळते. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतले कोरकू पिढ्यान् पिढ्या जी जमीन कसत आले, ती सरकारी नकाशात जंगल होती. नकाशाला सत्य मानायचे तर ते अतिक्रमक ठरत होते, आणि पुष्कळ वर्षे ठरवलेही गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा क्रम उलटा केला. त्याच्या नियमांत पुरावा म्हणून सरकारी नकाशे आणि नोंदी आहेतच, पण त्यांच्याच रांगेत जमिनीवरच्या खुणा आहेत. घरे, झोपड्या, सपाट केलेली जमीन, बांध, स्मशान, देवस्थान, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब. एकाहून अधिक पुरावे पाहावेत, असेही नियम सांगतात.

२०१२ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच केले. उपग्रहचित्रे आणि तत्सम तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांची जागा घेणारे म्हणून नाही. माझ्या मते जमिनीविषयी आपल्याकडे लिहिल्या गेलेल्या शहाण्या नियमांत याचा नंबर बराच वर लागेल. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरसारख्या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड टेकडी राखली, झाडे वाढवली, ते या चौकटीत. 

मग तोच विवेक डोंगर उतरून अकोट, अंजनगाव, तेल्हाऱ्याच्या सपाटीवर का येऊ नये? डोंगरात म्हाताऱ्याची साक्ष पुरावा ठरते आणि सपाटीवर तसाच म्हातारा ‘मोबाईलमध्ये असं नाही’ या एका वाक्याने गप्प होतो. सपाटीवर नोंदी आहेत आणि डोंगरात नव्हत्या, हा फरक मला मान्य आहे. पण आधीच्या टप्प्यांत पाहिले, की सपाटीवरच्या नोंदी आहेत म्हणजे पुऱ्या आहेत असे नाही.

६. आक्षेप

पहिला आक्षेप कळकळीचा असतो. दप्तर पटवाऱ्याच्या पेटीत होते तेव्हा गरिबाचे काय भले होत होते? काहीच नाही. नक्कल मिळवायला पैसे, पाहायला पैसे, आणि नोंद बदलली हे कळायला दोन वर्षे. तो काळ परत यावा असे मला मुळीच वाटत नाही. १ मे २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आता सर्वांना उघडा असलेला नकाशा यांनी एक मक्तेदारी मोडली. पण मक्तेदारी मोडली की सत्ता आपोआप गरिबाकडे येते, असे नाही. कर्नाटकात ‘भूमी’ योजनेने राज्यभरच्या जमिनीच्या नोंदी संगणकावर नेल्या, तिचे जगभर कौतुक झाले. सॉलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तिचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसले की नोंदी गावातून तालुक्याच्या संगणकावर गेल्याने मोठ्या जमीन-खरेदीदारांचे काम सोपे झाले आणि लाच कमी होण्याऐवजी वाढली. आपल्याकडे समृद्धी महामार्ग धामणगाव, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वरमधून गेला. नांदगाव पेठेला वस्त्रोद्योग वाढतो आहे आणि बेलोऱ्याहून २०२५ मध्ये विमाने उडू लागली. अशा पट्ट्यात कोणत्या गटात किती नावे, कोणता तुकडा अडचणीत, हे घरबसल्या चाळणारा माणूस आणि तुरीला औषध मारणारा माणूस एकाच पडद्यापुढे बसले म्हणून समान होत नाहीत. पहिला गावभर पाहतो, दुसऱ्याला आपल्याकडे कोणी पाहते आहे हेही माहीत नसते.

दुसरा आक्षेप तंत्राचा. नकाशे जुने आहेत, मान्य, पण आता रोव्हर यंत्राने मोजणी होते, सेंटिमीटरपर्यंत अचूक माप मिळते, प्रत्येक तुकड्याला चौदा अंकी भू-आधार क्रमांक मिळणार आहे, २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणे ड्रोनने मोजली जात आहेत. मग अडचण काय? अडचण अशी की अचूक मोजायचे ते काय, हे यंत्र ठरवत नाही. रोव्हर टिपणावरची हद्द दाखवू शकतो, तसाच आजचा धुराही दाखवू शकतो. दोन्हींत सहा फुटांचा फरक निघाला, तर खरे कोणते? पन्नास वर्षांची बिनतक्रार वहिवाट की १८६० च्या दशकातली साखळी? हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि अचूक यंत्राने तो मिटत नाही, उलट टोकदार होतो. कालपर्यंत ‘थोडंसं इकडंतिकडं’ म्हणून सोडलेले उद्या ‘एक मीटर त्र्याऐंशी सेंटिमीटर’ होऊन कोर्टात जाते.

तिसरा आक्षेप असा की पुढारलेल्या देशांत तर नकाशाच अंतिम असतो. तसे सरसकट नाही. इंग्लंडमध्ये सरकार मालकीची हमी देते, तरी तिथल्या २००२ च्या जमीन नोंदणी कायद्यानुसार नकाशावरची हद्द ही ‘साधारण’ हद्द असते, ती नेमकी रेषा ठरवत नाही. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या काळापासूनचा गावोगावचा नकाशा आहे, तो ऑनलाइनही आहे, पण तो करासाठी आहे. शेजाऱ्याशी हद्द ठरवायची तर ती स्वतंत्रपणे ठरवावी लागते. ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये सुरू झालेली टॉरेन्सची पद्धत मालकीची हमी देते, पण त्या हमीमागे चौकशी आहे आणि चूक झाली तर नुकसानभरपाई आहे. आपण हमी न देता हमीचा आव तेवढा आणतो. फसगत तिथे आहे.

७. मग पडदा वाचावा कसा

वाचावाच, आणि प्रत्येकाने वाचावा. आकृतीचे क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचे एकूण क्षेत्र, पोटखराबासह, जुळते का ते पाहावे. खरेदीखतातल्या चतुःसीमेत पूर्वेस अमुक गट, दक्षिणेस नाला असे जे लिहिले आहे, ते शेजारच्या आकृत्यांशी ताडावे. फसवणुकीचे व्यवहार बहुधा इथेच उघडे पडतात, कारण दाखवलेली जमीन रस्त्याला लागून असते आणि विकलेला गट आतला. एका आकृतीत एकाहून जास्त नावे असतील, तर विकणाऱ्याने दाखवलेला कोपरा त्याचाच आहे हे नकाशावरून कळूच शकत नाही. तिथे फाळणी नकाशा किंवा मोजणीची ‘क’ प्रत मागावी, नसेल तर सौदा थांबवावा. नोंद आणि जमीन यांत फरक दिसला तर स्क्रीनशॉट गावाच्या मोबाईल ग्रुपवर टाकण्याआधी मोजणीचा अर्ज करावा. मोजणीला लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, ते हजर राहतात, हरकत घेतात. हद्द ठरण्याची प्रक्रिया म्हणजे ही. ती संथ आहे, खर्चिक आहे आणि द्रुतगतीचे शुल्क तर नियमितच्या चौपट आहे, ही तक्रार खरी आहे. पण तिला टाळून जाणारी वाट मोबाईलमध्ये नाही.

सरकारकडे मागायचे ते अधिक रंगीत नकाशे नव्हेत. प्रत्येक आकृतीखाली ती कोणत्या सालच्या मोजणीवरून, कोणत्या प्रमाणाच्या कागदावरून आली आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली, हे लिहावे. मूळ गावनकाशाचे स्कॅन केलेले पान, तुटक रेषांसह, शेजारीच उघडता यावे. टिपणे उघडी करावीत. रेघेची संभाव्य चूक किती मीटर, हे ठिपका दिसतो त्याच ठिकाणी दाखवावे. आणि ज्या गटात एकाहून अधिक खातेदार असून पोटहिश्श्याची मोजणी झालेली नाही, ते सगळे गट वेगळ्या रंगात दाखवावेत. बार्शीटाकळी किंवा भातकुली तालुक्याचा असा नकाशा उघडला, तर किती गावे त्या एका रंगाने भरून जातील याचा अंदाज भूमी अभिलेखच्या कोणत्याही भूकरमापकाला आजच आहे. तो रंग दिसू लागला की पोटहिश्श्यांच्या मोजणीसाठी तालुक्याला किती भूकरमापक लागतील, याचा हिशेब विधिमंडळात मागता येईल.